बोलणारा हात, बोलणारे कातडे

चर्मवाद्याला 'तालवाद्य' म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. या शब्दात एक छुपा निवाडा आहे. ताल राखणारा तो साथीदार. बोलायचे ते गाणाऱ्याने. परंतु वादकांच्या परिभाषेत वाद्यावर पडलेल्या आघाताला 'बोल' म्हणतात, आणि कातडे नीट लागले नाही तर 'वाद्य बोलत नाही' असे म्हणतात. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की विचारावेसे वाटते : हात खरोखरच बोलतो काय? आणि बोलत असेल, तर कोणाशी?

हा प्रश्न जगात सर्वाधिक गांभीर्याने विचारला गेला तो पश्चिम आफ्रिकेच्या संदर्भात. योरुबा ही स्वराघाती भाषा आहे. उच्च, मध्यम आणि नीच अशा तीन स्वरपातळ्यांवर तिच्यातले शब्दांचे अर्थ ठरतात. त्यांचा डमरूच्या आकाराचा 'दुंदुन' काखेत धरून दोऱ्या आवळल्या की कातड्याचा स्वर चढतो आणि सैल सोडल्या की उतरतो. त्यामुळे वाक्याची स्वररेषाच वाद्यावर उमटते आणि जाणकाराला ते वाक्य ऐकू येते. घानातल्या अशांती लोकांच्या अशाच वाद्यभाषेची नोंद आर. एस. रॅट्रे यांनी 1923 साली प्रसिद्ध केली. माली-गिनीकडचा 'जेंबे' केवळ हातांनी वाजतो. तळव्याचा खर्ज, बोटांचा खुला नाद आणि कडेवरची तीक्ष्ण चापट या तीन आघातांवर त्याची सारी वाणी उभी असते, आणि प्रमुख वादक एक ठरावीक बोलसमूह वाजवून नाचणाऱ्यांना 'आता वळा, आता थांबा' असे सांगतो.

मराठी स्वराघाती भाषा नाही. त्यामुळे आपल्या वाद्याला वाक्याची नक्कल करता येणार नव्हती. आपल्याकडे उलटे घडले : तिकडे कातड्याने जिभेचा स्वर उचलला, इकडे जिभेने कातड्याचा नाद उचलला. 'ता', 'दीं', 'थुं', 'किट', 'धुमकिट' हे शब्द कशाचेही वर्णन करीत नाहीत. ते हाताची हालचाल मुखात साठवतात. हा भेद काटेकोर मानू नये. नायजेरियात जन्मलेले बाबातुंदे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना अशाच निरर्थक अक्षरांचा आधार घेतला होता. तरीही जिभेवरच्या अक्षरांतून एक संपूर्ण शास्त्र उभारण्याचे काम जितके आपल्याकडे झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल.

या शास्त्राचा एक मोठा टप्पा मराठवाड्यातला आहे, याचे स्मरण आपण फारसे ठेवत नाही. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच्या सहाव्या, वाद्याध्यायात पटह, मर्दल, हुडुक्का अशा वाद्यांची रचना आणि त्यांवरील 'हस्तपाट', म्हणजे हाताच्या आघातांचे प्रकार, सविस्तर येतात. त्याआधीच्या 'नाट्यशास्त्रा'ने पुष्करवाद्यांना सोळा अक्षरे दिली होती आणि कातड्यावर लेप देण्यासाठी नदीकाठची काळी माती सांगितली होती. आज पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. माती जाऊन कणीक आली. पण जड लेपाने कातड्याचा स्वर खाली आणायचा आणि मग उघड्या थापेने तो मोकळा करायचा, ही युक्ती तीच राहिली.

देवगिरीच्या पोथीत जे लिहिले गेले, त्याचा जिवंत अवशेष पाहायचा तर गोदेच्या काठाने खाली यावे लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे गाव. त्याच्याभोवतीचा प्रदेश पाहा : जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात, नामदेवांचे नरसी 1999 पर्यंत याच जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत, नांदेडच्या पलीकडे रेणुकेचे माहूर. म्हणजे एका बाजूला वारकऱ्यांचा मृदंग, दुसऱ्या बाजूला देवीच्या गोंधळ्यांचे संबळ आणि आराध्यांचे चौंडके. मराठवाड्यातील हाताच्या भाषेच्या दोन मोठ्या बोली इथे एकमेकींच्या शेजारी नांदतात.

वारकरी कीर्तनातला संवाद पाहण्यासारखा असतो. कीर्तनकार निरूपण करीत असताना मृदंग मुका असतो. प्रमाणाचा अभंग सुरू झाला की ठेका धरला जातो. टाळकऱ्यांनी चाल उचलली की लय दुपटीला जाते. आणि बुवांचा हात वर होताच उंच गेलेला गजर एका तिहाईत समेवर येऊन थांबतो. इथे कोणी कोणाला शब्दाने आज्ञा देत नाही. डाव्या पुडीची घनगंभीर थाप ही श्रोत्याला 'आता ऐक' असे सांगते, उजवीकडची किटतक त्याला 'आता म्हण' असे सांगते. एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या दरबारी असलेल्या, पण वाई परिसरातल्या नाना पानसे यांच्या परंपरेने पखवाजाला शिष्यशाखा दिली. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांनी वारकरी मृदंग मैफलीच्या पखवाजापर्यंत नेला आणि त्यांना पद्मश्री मिळाली. आळंदीला 1917 साली जोग महाराजांनी स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेनंतर तर कीर्तनाचे शिक्षण रीतसर होऊ लागले, आणि त्याच्या सोबतीने मृदंगाचेही.

गोंधळात संवाद अधिक उघड असतो. मुख्य गोंधळी आख्यान सांगतो, झीलकरी त्याची ओळ उचलतो, आणि संबळाची दोन तोंडे, एक चढ्या नादाचे, एक खर्जाचे, त्या दोघांच्या मध्ये तिसरे पात्र होऊन बोलतात. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही आख्याने नागर रसिकांपर्यंत पोहोचली. चौंडके तर दुंदुनचे दूरचे भावंड म्हणावे असे वाद्य. त्याच्या कातड्यातून ओवलेल्या तारेचा ताण कमी-अधिक केला की स्वर चढतो, उतरतो, कधी हुंदक्यासारखा मध्येच मोडतो. योरुबा वादक दोरी आवळून वाक्य बोलतो. आराधी तार ओढून आर्तता बोलते. तंत्र जवळचे, प्रयोजन निराळे.

मात्र 'संदेश देणारे वाद्य' या अर्थाने आफ्रिकेशी तुलना करायची, तर मृदंग किंवा संबळ नव्हे, हलगी समोर आणावी लागते. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी, आणि विस्तवावर शेकून ताणलेले कातडे. दवंडी, वरात, जत्रा, अंत्ययात्रा या प्रत्येकाचा ठेका वेगळा, आणि शिवारात काम करणाऱ्या माणसाला तो ऐकूनच गावात काय घडले ते कळत असे. हीच आपली खरी बोलकी चामडी. पण संगीताच्या ग्रंथांत तिच्या बोलांना कोणी अक्षरे दिली नाहीत.

याचे कारण तंत्रात नाही, समाजात आहे. पखवाज देवळाच्या सभामंडपात वाजला. तो वाजवणाऱ्या गुरवाला देवाच्या सेवेचा मान होता. हलगी मांग-महार समाजांच्या माथी गावकीचे काम म्हणून आली. त्या वादनाला मान नव्हता, नकाराचा हक्क नव्हता. मेलेल्या जनावराचे कातडे दोन्ही वाद्यांवर तेच. पण एक पुडी पवित्र ठरली, दुसरी विटाळाची. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक बौद्ध कुटुंबांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा हलगीही खाली ठेवली. त्यात कलेचा अनादर शोधणे हा अन्याय होईल. ज्याला बोलण्याची सक्ती आहे, त्याचे पहिले स्वातंत्र्य मौनाचेच असते.

म्हणून चर्मवाद्यांतील 'संवाद' हा शब्द जपून वापरावा असे वाटते. संवादाला दोन बाजू लागतात, आणि दोघांनाही थांबण्याची मुभा लागते. कीर्तनात मृदंग थांबू शकतो, म्हणून त्याची थाप अर्थपूर्ण होते. हलगीला ती मुभा नव्हती; तरीही तिच्या वादकांनी ठेक्यांचा एवढा विस्तार पिढ्यान्‌पिढ्या केवळ हातांत जपला, ही आपल्या संगीताच्या इतिहासातली अलिखित थोरवी आहे. शार्ङ्गदेवाने हस्तपाटांना नावे दिली म्हणून ते आठ शतके टिकले. हलगीच्या बोलांना नावे द्यायची असतील, तर ती हलगी वाजवणाऱ्यांनाच विचारून द्यावी लागतील, आणि ग्रंथात त्यांचे नावही वादक म्हणून नव्हे, आचार्य म्हणून घालावे लागेल.