नोत्र दाम विद्यापीठाचा १९४३ सालचा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साऊथ बेंड शहरालगत नोत्र दाम हे कॅथोलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस धर्मसंघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली त्याची स्थापना केली आणि ते पवित्र मरियामातेला समर्पित केले. 'नोत्र दाम' या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'आमची स्वामिनी' असा आहे. अमेरिकन लोक त्याचा उच्चार 'नोटर डेम' असा करतात. आम्ही येथे मूळ फ्रेंच उच्चार ठेवला आहे.

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या विद्यापीठाचा फुटबॉल संघ दहा सामने खेळला. त्यांपैकी नऊ जिंकला, एक हरला आणि राष्ट्रीय विजेता ठरला. एवढेच असते तर तो केवळ क्रीडाप्रेमींचा विषय झाला असता. परंतु हा संघ युद्धामुळेच उभा राहिला आणि युद्धामुळेच हंगामाच्या मध्यावर त्याचा आधारस्तंभ निखळला. म्हणून त्याची नोंद येथे सविस्तर घेत आहोत.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. आपल्या वसईच्या मैदानांवर किंवा मुंबईच्या कूपरेजवर खेळला जातो तो हा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू अंडाकृती असतो, तो प्रामुख्याने हातात धरून पळवतात किंवा फेकतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर जाऊन पाडतात. एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की 'टचडाउन' होते व सहा गुण मिळतात. त्यानंतर लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारल्यास आणखी एक गुण. या एका गुणाचे महत्त्व पुढे दिसून येईलच. चेंडू फेकण्याची व डाव आखण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो 'क्वार्टरबॅक'. संघाचे यशापयश बहुतांशी त्याच्या हातात असते.

नौदलाची छावणी झालेले विद्यापीठ

अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरली आणि महाविद्यालये तरुणांवाचून ओस पडू लागली. खाजगी कॅथोलिक संस्थांपुढे तर अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला, कारण त्यांचा डोलारा विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच उभा होता. नोत्र दामला या संकटातून नौदलाने तारले. नौदलाने येथे अधिकारी घडविण्याचे केंद्र उघडले; १९४२ ते १९४६ या काळात सुमारे १२,००० अधिकारी येथून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडले. शिवाय १ जुलै १९४३ पासून 'व्ही-१२' ही योजना देशभरातील १३१ महाविद्यालयांत सुरू झाली. भावी नौदल व मरीन अधिकाऱ्यांनी गणवेशात राहून महाविद्यालयीन शिक्षण घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. नोत्र दाम त्या १३१ संस्थांपैकी एक होते.

या योजनेतील एका नियमाने त्या वर्षीच्या फुटबॉलचे चित्रच पालटले. नौदलाने आपल्या प्रशिक्षणार्थींना महाविद्यालयाच्या संघातून खेळण्यास मोकळीक दिली. भूदलाने आपल्या शैक्षणिक योजनेतील मुलांना ती नाकारली. परिणामी ज्यांच्याकडे नौदलाची मुले होती त्यांचे संघ बलाढ्य झाले, इतरांची मैदाने रिकामी पडली. अॅलाबामा व स्टॅनफर्ड यांनी त्या वर्षी संघच उतरविला नाही. येशूसंघीयांच्या फोर्डम आणि जॉर्जटाऊन या नामवंत विद्यापीठांनीही १९४३ ते १९४५ फुटबॉल बंद ठेवला.

खेळाडू नौदलाच्या आदेशानुसार इकडून तिकडे गेले. ज्युलियस रायकोविच हा आदल्या वर्षी इलिनॉय विद्यापीठाचा खेळाडू होता. १९४३ मध्ये तो नोत्र दामकडून खेळला, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा इलिनॉयला परतला. दरम्यान नोत्र दामने इलिनॉयला ४७–० असे हरविले होते! अशा विजयाचे मोल किती, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल. आमच्या मते तो रास्तच आहे. मात्र त्या वर्षी नौदलाची मुले असलेल्या प्रत्येक संघाला तो लागू पडतो. मिशिगनच्या संघातही विस्कॉन्सिन व मिनेसोटा येथून आलेले नामांकित खेळाडू होते.

वेदी आणि मैदान

या विद्यापीठाला युद्ध नवे नव्हते. अमेरिकन यादवी युद्धात होली क्रॉसचे धर्मगुरू सैन्याबरोबर होते. गेटिसबर्ग येथे २ जुलै १८६३ रोजी फादर विल्यम कॉर्बी यांनी एका खडकावर उभे राहून, लढाईत उतरणाऱ्या आयरिश ब्रिगेडच्या सैनिकांना सामूहिक पापमुक्ती दिली होती. पुढे तेच नोत्र दामचे अध्यक्ष झाले.

फुटबॉल आणि भक्ती यांची सांगड घातली ती फादर जॉन ओ'हारा यांनी. १९२० च्या दशकात ते विद्यार्थ्यांच्या धार्मिक जीवनाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांनी वारंवार, शक्य तर दररोज, ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा असा त्यांचा आग्रह असे आणि त्यासाठी फुटबॉल खेळाडूंचे उदाहरण ते सर्वांपुढे ठेवीत. सामन्याच्या सकाळी संघाने एकत्र मिस्सात सहभागी होणे ही तेथील रूढी झाली. तेव्हा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य होता, हे आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. दुपारी अंगमेहनतीचा सामना खेळणाऱ्या मुलांसाठी हा उपवास लहान नव्हता. फादर ओ'हारा १९३४ ते १९४० विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यानंतर त्यांची नेमणूक सैनिकांच्या आध्यात्मिक सेवेसाठी सहाय्यक बिशप म्हणून झाली, आणि संपूर्ण युद्धकाळ त्यांनी त्याच कामात घालविला. पुढे ते फिलाडेल्फियाचे आर्चबिशप व १९५८ मध्ये कार्डिनल झाले.

१९४३ साली अध्यक्षपदी फादर ह्यू ओ'डॉनेल होते. विद्यार्थिदशेत, १९१५ साली, ते स्वतः नोत्र दामच्या संघातून खेळले होते. त्याच वर्षी २४ जून रोजी विद्यापीठाच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये एका तरुणास गुरुदीक्षा मिळाली. त्याला नौदलात चॅप्लन म्हणून जायचे होते. वरिष्ठांनी त्याला वॉशिंग्टनला पुढील शिक्षणासाठी धाडले. हेच फादर थिओडोर हेसबर्ग, जे १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे नोत्र दामचे अध्यक्ष होते.

येथे एक नोंद आपल्या उपखंडाशी जोडलेली आहे. होली क्रॉसचे धर्मगुरू १८५३ पासून पूर्व बंगालमध्ये कार्य करीत होते. तिकडे निघालेले काही मिशनरी डिसेंबर १९४१ मध्ये फिलिपाईन्समध्ये अडकले व जपान्यांच्या कैदेत गेले. लॉस बान्योस येथील छावणीवर अमेरिकन सैन्याने २३ फेब्रुवारी १९४५ रोजी छापा घातला तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. साऊथ बेंडच्या मैदानात टाळ्यांचा कडकडाट होत होता त्या दिवसांत त्याच धर्मसंघाची ही माणसे तारांच्या कुंपणाआड होती.

सहा सामने आणि एक निरोप

संघाचे प्रशिक्षक फ्रँक लेही हे नोत्र दामचेच माजी खेळाडू आणि विख्यात प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांचे शिष्य. १९४२ मध्ये त्यांनी 'टी फॉर्मेशन' ही नवी रचना आणली तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली होती. १९४३ मध्ये ती फळाला आली. क्वार्टरबॅक होता मॅसॅच्युसेट्सचा अँजेलो बर्टेली. धावण्यात सर्वांत वरचढ होता क्रायटन मिलर. उच्च रक्तदाबामुळे सैन्याने त्याला परत पाठविले होते. या हंगामात तो ९११ यार्ड धावला आणि देशात पहिला आला.

२५ सप्टेंबरला पिट्सबर्ग विद्यापीठाचा ४१–० असा पराभव करून हंगाम सुरू झाला. मग जॉर्जिया टेकवर ५५–१३. ९ ऑक्टोबरला मिशिगनशी त्यांच्याच मैदानावर गाठ पडली. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत तेव्हा नोत्र दाम पहिले व मिशिगन दुसरे होते. या क्रमवारीच्या इतिहासात पहिल्या दोन संघांची ही पहिलीच लढत. नोत्र दामने ती ३५–१२ अशी जिंकली. विस्कॉन्सिन (५०–०) आणि इलिनॉय यांचे सामने एकतर्फी झाले. ३० ऑक्टोबरला क्लीव्हलँड येथे नौदल अकादमीचा संघ ३३–६ असा हरला.

या सहा सामन्यांत बर्टेलीने ३६ वेळा चेंडू फेकला. त्यांपैकी २५ फेकी आपल्या खेळाडूंच्या हाती पोहोचल्या आणि १० टचडाउन झाले. आणि मग तो गेला. मरीन दलाचे बोलावणे आले होते. दक्षिण कॅरोलिनातील पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण छावणीत त्याला हजर व्हायचे होते. हंगामाचे चार सामने, तेही कठीण, अद्याप बाकी होते. ज्या नौदलाच्या योजनेने नोत्र दामला एवढा भक्कम संघ मिळवून दिला, त्याच सेवेने त्याचा सर्वोत्तम खेळाडू उचलून नेला. सवलत मागितल्याचे कोठे दिसत नाही, आणि त्या काळाचा विचार करता ते स्वाभाविकच होते.

त्याच्या जागी आला पेनसिल्व्हेनियाचा अठरा वर्षांचा जॉनी ल्युजॅक. पहिलीच परीक्षा ६ नोव्हेंबरची: न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर भूदल अकादमीचा, म्हणजे 'आर्मी'चा, संघ. या पोराने दोन टचडाउन आपल्या फेकीवर करून दिले, एक स्वतः केला आणि शत्रूपक्षाची एक फेक मध्येच झेलली. निकाल २६–०. पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्न २५–६ असे हरले.

एका गुणाचा विजय, ३३ सेकंदांचा पराभव

शेवटचे दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठे नव्हती, लष्करी तळ होते. आयोवा प्री-फ्लाइट हा नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्राचा संघ. त्यात व्यावसायिक सामने खेळलेली, वयाने मोठी माणसे होती. २० नोव्हेंबरला दोन्ही संघांनी दोन-दोन टचडाउन केले. आयोवाची एक जादा किक हुकली आणि नोत्र दाम १४–१३ असे वाचले.

२७ नोव्हेंबरला शिकागोच्या उत्तरेस असलेल्या ग्रेट लेक्स नौदल केंद्रावर अखेरचा सामना झाला. प्रेक्षक बहुतेक नौसैनिकच. शेवटचे मिनिट जवळ आले असताना नोत्र दामने १४–१२ अशी आघाडी घेतली आणि विजय हातात आल्यासारखा वाटला. सामना संपायला ३३ सेकंद उरले असताना ग्रेट लेक्सच्या स्टीव्ह लाखने लांबवर चेंडू फेकला, पॉल अँडरसनने तो झेलला आणि रेषा ओलांडली. १९–१४. विजेत्यांच्या बाजूने त्या दिवशी एमिल सिटको खेळत होता. तो मूळचा नोत्र दामचाच विद्यार्थी. नौदलात भरती झाल्यामुळे तो पलीकडच्या गोटात होता. १९४६ ते १९४९ या काळात त्याने नोत्र दामसाठी पराक्रम गाजविला.

एक पराभव होऊनही असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत नोत्र दामला पहिले स्थान मिळाले. या क्रमवारीतील त्याचे हे पहिले विजेतेपद होय. काहींना ते खटकले. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या आयोवा प्री-फ्लाइट, मिशिगन व नौदल अकादमी या तिन्ही संघांना नोत्र दामने हरविले होते, हे ध्यानात घेतले तर निर्णय अन्यायाचा वाटत नाही. दहा सामन्यांत त्यांनी ३४० गुण केले व ६९ दिले. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस दिला जाणारा हाइझमन पुरस्कार बर्टेलीला मिळाला. तो केवळ सहा सामने खेळला होता, आणि पुरस्कार जाहीर झाला तेव्हा पॅरिस आयलंडवर कवायत करीत होता. हा पुरस्कार मिळविणारा नोत्र दामचा तो पहिला खेळाडू.

नंतर

बर्टेली मरीन अधिकारी म्हणून पॅसिफिकमध्ये ग्वाम व इवो जिमा येथे लढला आणि इवो जिमावर जखमी झाला. त्याच बेटावर १९ फेब्रुवारी १९४५ रोजी नोत्र दामचा १९२८ च्या संघातील खेळाडू जॅक शेव्हिग्नी मारला गेला. ल्युजॅक नौदलात गेला व इंग्लिश खाडीत पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या लहान जहाजावर त्याने काम केले. स्वतः लेहीही १९४४ मध्ये नौदलात दाखल झाले. ते गेल्यावर संघाची काय अवस्था झाली हे दोन आकड्यांवरून कळते: 'आर्मी'ने नोत्र दामला १९४४ मध्ये ५९–० आणि १९४५ मध्ये ४८–० असे धूळ चारले. १९४६ मध्ये लेही, ल्युजॅक आणि सैन्यातून सुटलेले तरुण परतले. त्या वर्षी आर्मीशी ०–० अशी बरोबरी झाली व नोत्र दाम पुन्हा राष्ट्रीय विजेते ठरले. ल्युजॅकला १९४७ चा हाइझमन पुरस्कार मिळाला. बर्टेलीचे १९९९ मध्ये, तर ल्युजॅकचे जुलै २०२३ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी निधन झाले.

परतलेल्या सैनिकांपैकी कित्येकजण विवाहित होते, मुलेबाळे घेऊन शिकायला आले होते. डॉक्टरेट घेऊन परतलेल्या फादर हेसबर्ग यांच्यावर या कुटुंबांच्या आध्यात्मिक सेवेची जबाबदारी सोपविण्यात आली. युद्धनौकेवर जाऊ न शकलेल्या धर्मगुरूला सैनिक असे घरीच भेटले.

नौदल अकादमीविरुद्धचा वार्षिक सामना १९२७ पासून चालत आला आहे. १९६४ ते २००६ या काळात नौदलाने तो सलग ४३ वेळा गमावला, तरी नोत्र दामने प्रतिस्पर्धी बदलला नाही. युद्धकाळात विद्यापीठाला जगविणाऱ्यांचे ऋण म्हणून ही प्रथा पाळली जाते, असे तेथे सांगितले जाते. २००७ मध्ये नौदलाने ४६–४४ असा विजय मिळविला. २०२० मध्ये महासाथीमुळे खंड पडला, तेवढाच.