ड्रॅगन मोडला तेव्हा



आज जरा वेगळा इतिहास. बेथेस्डा कंपनीची 'द एल्डर स्क्रोल्स' ही खेळमालिका तुमच्यापैकी काहींनी, निदान तुमच्या मुलांनी तरी, खेळली असेल. तिच्यातला 'डॅगरफॉल' १९९६ साली आला. त्यात नुमिडियम नावाचा एक महाकाय पितळी पुतळा आहे. त्याला हुकूम देणारं टोटेम कुणाच्या हाती सोपवायचं, हे खेळणाराच ठरवतो. सम्राट, डॅगरफॉल, सेंटिनेल आणि वेरेस्ट ही तीन राज्यं, ऑर्कांचा गॉर्टवॉग, अंडरकिंग, किंवा मॅनिमार्को हा प्रेतविद्येतला मांत्रिक. माणूस बदलला की शेवट बदलतो. मी सम्राटाला दिलं होतं.

आता पुढचा खेळ काढायचा तर यातलं खरं काय घडलं? सर्वसाधारण रिवाज असा, की कंपनी एक शेवट 'अधिकृत' ठरवते आणि बाकीच्यांची जागरणं वाया जातात. इथे तसं केलं नाही. इथे म्हणे सगळंच घडलं, एकाच वेळी! या जगात काळाचा देव अकाटोश हा ड्रॅगन आहे, म्हणून काळाची घडी विस्कटली की 'ड्रॅगन मोडला' म्हणतात. तिसऱ्या युगाच्या ४१७ साली इलियाक उपसागराभोवती तो मोडला. पूर्ववत झाला तेव्हा ४४ संस्थानांची ४ राज्यं उरली होती. ऑर्कांना हक्काचं राज्य मिळालं, अंडरकिंगला एकदाचं मरण, मॅनिमार्कोला देवत्व, आणि चारही राज्यं सम्राटाची मांडलिक.

पळवाट म्हणाल तर आहेच. पण मला आवडतं ते सांगण्याची पद्धत. वरून कुणी निवेदक येऊन सांगत नाही. खेळातल्या कपाटांमधून पुस्तकं मिळतात, आणि ती एकमेकांशी भांडतात. 'मॉरोविंड'मध्ये (२००२) अशाच एका जुन्या, तब्बल १००८ वर्षं चाललेल्या भंगाबद्दल साक्षी आहेत, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. त्याच खेळात फाल ड्रून नावाचा पंडित म्हणतो, कसला भंग न कसलं काय, कालगणनेतली चूक आहे ती! शिवजयंतीच्या तारखांचा वाद ऐकत वाढलेल्या आपल्याला हा गृहस्थ लगेच ओळखीचा वाटतो. मला त्याचा युक्तिवाद पटतो, पण ४१७ सालच्या प्रकाराला तो पुरत नाही. तिथे सैन्यं क्षणात भलतीकडे पोचली होती, गावं बेचिराख झाली होती.

'ऑब्लिव्हियन'मधल्या (२००६) उल्व्हियस टेरोच्या पुस्तकात या घटनेचं रूढ नाव येतं, 'शांततेचा चमत्कार'. इथे मी थबकलो. चाळीस संस्थानं एका फटक्यात नाहीशी होतात आणि नाव काय, तर शांतता! टोटेम मागायला जे आले होते त्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं. टुल्यून, ग्लेनपॉइंट, अँटिक्लेअर यांनी कधी मागितलंच नव्हतं. आपल्यासारख्या खेळणाऱ्यांनाही ती वाटेतली गावं, रात्री मुक्काम करून सकाळी पुढे निघायची.

त्या संस्थानांमधून हिंडायचं असेल तर १९९६चा खेळच उघडावा लागतो. बेथेस्डाने २००९ मध्ये तो फुकट केला. नकाशा फार मोठा आहे, सवड काढून बसा.