दरसालची लस

इ. स. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली आणि आगगाडीबरोबर देशभर पसरली. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९११ ते १९२१ या दशकात या संस्थानाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या घटीचे एक मोठे कारण ही साथच होय.

प्लेगाची लस तेव्हा होती. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. इन्फ्लुएंझापुढे मात्र वैद्यक हतबल होते. माणसातील त्याचा विषाणूच मुळी १९३३ साली सापडला.

आज लस आहे, पण दवाखान्यात प्रश्न येतो : ‘गेल्या वर्षी टोचली, मग पुन्हा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. हा विषाणू सतत रूप पालटतो आणि लशीचे बळही काही महिन्यांत ओसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील घटक नव्याने सुचविते. लस घेतल्यावरही ताप येऊ शकेल. परंतु तो जिवावर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने देशातील पहिला बळी कलबुर्गीत घेतला. तेव्हा त्याच्यावर लस नव्हती. जिच्यावर लस आहे, त्या साथीपुढे तरी आपण रिकाम्या हातांनी उभे राहू नये. वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी आणि दमेकऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.