लागणे

लागणे : मराठीतील अकर्मक क्रियापद. संस्कृत 'लग्' (चिकटणे) या धातूपासून 'लग्न' हे कृदंत झाले. त्याच्या 'लग्ग' या प्राकृत रूपातून हे क्रियापद मराठीत आले. हिंदी 'लगना' त्याच कुळातले. प्रयोजक रूप : लावणे.

अर्थ : मूळ अर्थ स्पर्श होणे, भिडणे. हाताला चीक लागतो, पायाला ठेच लागते. भूक, तहान, ऊन माणसाला लागते, कारण ते त्याच्यापर्यंत येऊन पोचते. वैजापूर तालुक्यात शेतावरून बाजारापर्यंत हे क्रियापद सोबत असते : विहिरीला पाणी लागते (सापडते), कपाशीला खत लागते (गरज असते), कांद्याला भाव लागतो (ठरतो). मनमाडहून रेल्वेने येताना आधी रोटेगाव लागते, मग लासूर (वाटेत येते). याखेरीज ताक आंबट लागते, शेजारचा माणूस नात्याने मामा लागतो, परीक्षेचा निकाल लागतो.

रचना : अर्थ ठरतो तो भोवतालच्या प्रत्ययांवरून. 'तो कांदे काढायला लागला' यात कामाचा आरंभ आहे. 'त्याला कांदे काढायला लागले' यात सक्ती. क्रियापद तेच, कर्त्याला 'ला' जोडताच काम त्याच्या इच्छेबाहेर गेले. 'पाऊस पडू लागला' हाही आरंभच. 'जावे लागले' ही सक्ती. सक्तीच्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : 'तिला भाकरी करावी लागली', 'तिला पिठले करावे लागले'. स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे एसटी फलाटाला आली. 'मुलाला गाडी लागली' म्हणजे प्रवासात त्याला मळमळू लागले.

वापर : 'या कामाला वेळ लागतो' ही मराठीची घडण. इंग्रजी 'टेक' या क्रियापदाच्या छापाने 'हे काम वेळ घेते' असे हल्ली लिहिले जाते, ते टाळावे. वेळ, पैसा, कष्ट कामाला लागतात.

नोंदी : दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२–३८) या क्रियापदाचे अनेक अर्थ दिले आहेत. मराठी नव्याने शिकणाऱ्याला मात्र अर्थांची यादी पाठ करून हे क्रियापद साधत नाही. कोणाला, कशाला आणि कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायला शिकवावे. अर्थ आपोआप उलगडतो.