घासलेटचा डबा आणि आम्ही तिघे

नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. चार मुले मिळून एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तो फारच तापलेला. विजेचे बिल भरमसाट आले होते. चौघांपैकी दोघांच्या खोलीत एसी, उरलेल्या दोघांच्या खोलीत नुसता पंखा. शिवाय एक महाशय अर्धा-अर्धा तास गीझर चालू ठेवून आंघोळ करतात म्हणे. "आजोबा, मी पंख्याखाली झोपतो. मग बिल चार सारख्या भागांत का?"

मला हसू आले. त्याला राग आला. म्हणाला, "तुम्हाला नाही कळणार, तुमच्या वेळी हे काही नव्हतं."

एसी नव्हता, हे खरे. बाकी सगळे होते!

तर झाले असे की, जून १९७३ मध्ये मी नवापूरला शिक्षक म्हणून रुजू झालो. वय तेवीस, नुकतीच बी.एड. उरकलेली, लग्न व्हायचे होते. तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. ज्यांनी नवापूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे गाव अगदी गुजरातच्या सीमेवर आहे. इतके की रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. गावाजवळून रंगावली नदी वाहते. दक्षिणेला डांगचे डोंगर. आजूबाजूला सागाचे जंगल, त्यामुळे लाकडाच्या वखारी. आणि थंडी! खानदेश म्हटले की लोकांना फक्त ऊन आठवते, पण पौषातल्या पहाटे इथे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि हौदातल्या पाण्यात बोट घालवत नाही.

आम्ही तिघांनी एका घराच्या मागच्या बाजूची खोली घेतली होती. विज्ञानाचे सर, ड्रॉइंगचे सर आणि मी. मी मराठी-इतिहासवाला. जमीन शेणाने सारवलेली, एक दिवा, एक स्टो आणि कोपऱ्यात घासलेटचा पत्र्याचा डबा. (आमच्याकडे घासलेट, पुणेकर रॉकेल म्हणतात. वास एकच.) विजेचा प्रश्न मालकांनी सोडवून टाकला होता. दर दिव्यामागे महिन्याला ठरावीक रक्कम, आणि इस्त्री किंवा शेगडी लावलेली दिसली तर खोली खाली करायची. त्यामुळे भांडायला उरले फक्त घासलेट.

ते कार्डावर मिळे. विज्ञानाच्या सरांना पुढेमागे कुटुंब आणायचे होते, म्हणून त्यांनी नवापूरच्या पत्त्यावर कार्ड काढून घेतले होते. आम्हा दोघांचे नाव आपापल्या गावच्या कार्डावर. म्हणजे घासलेट येई सरांच्या नावावर, पैसे तिघांचे. जनगणनेत कुटुंब कशाला म्हणतात ठाऊक आहे ना? एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. रक्ताच्या नात्याची अट नाही. आपल्याकडेही भाऊ वेगळे झाले हे सांगताना कोणी जमिनीचे नाव काढत नाही, 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतात. जनगणनेच्या हिशेबाने आम्ही तिघे एक कुटुंब होतो. रेशन दुकानाच्या हिशेबाने नव्हतो.

पावसाळा गोडीगुलाबीत गेला. मग ऑक्टोबर आला.

६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सिरियाने इस्रायलवर हल्ला केला आणि पाठोपाठ अरब देशांनी तेल आवळले. बॅरलला तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी १९७४ मध्ये अकरा डॉलरच्या वर गेले. भारताला लागणारे बहुतेक तेल बाहेरून येत होते. बॉम्बे हायला तेल सापडले ते त्याच सुमारास, १९७४ मध्ये, आणि प्रत्यक्ष निघू लागले १९७६ ला. आमच्या उपयोगाचे नव्हते. अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी नोव्हेंबरात टीव्हीवर येऊन लोकांना घरातले तापमान कमी करायला सांगितले. सरासरी ६८ अंश फॅरनहाइट ठेवा म्हणाले, म्हणजे आपले वीस अंश सेल्सिअस. (वीस अंशांना आम्ही नवापूरला स्वेटर काढून ठेवतो, असो.) इंग्लंडमध्ये कोळसा खाणकामगारांचा लढा चालू होता. तिथे १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली.

आणि नवापूरला दुकानदाराने सांगितले, या वेळी निम्मेच मिळेल.

त्या दिवशी रात्री ड्रॉइंगच्या सरांनी तोंड उघडले. ते बाराही महिने गार पाण्याने आंघोळ करत, बऱ्याचदा थेट रंगावलीवर जाऊन. त्यांचे म्हणणे, आंघोळीच्या पाण्याचे घासलेट मी वापरतच नाही, मग तिसरा हिस्सा का देऊ? विज्ञानाचे सर म्हणाले, तुम्ही दिवसातून चार वेळा चहा करता तो कशावर? ड्रॉइंगचे सर म्हणाले, चहा तुम्हीही पिता. मग विज्ञानाच्या सरांनी ठेवणीतले अस्त्र काढले. कार्ड कोणाचे आहे?

त्यानंतर त्या खोलीत कोणी मोकळेपणाने चहासुद्धा प्यायला नाही.

विज्ञानाच्या सरांनी हिशेब मांडायचे ठरवले. भिंतीवर खडूने लिहिलेला तो हिशेब मला अजून दिसतो. आकडे आजच्या माहितीने नीट करून देतो. पंधरा लिटरची बादली अठरा अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत न्यायची तर साधारण सतराशे किलोज्यूल उष्णता लागते. विजेत मोजले तर अर्धा युनिट. स्टोवर जळणाची निम्मी उष्णता भांड्याला लागते असे धरले तर शंभर मिलिलिटर घासलेट. दोघांच्या रोजच्या आंघोळी म्हणजे महिन्याला सहा लिटर. त्यांनी एक बांबूची काठी घेतली, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आणि रोज संध्याकाळी डब्यात बुडवून पाहू लागले.

हा मोजण्याचा सोस माणसाला फार जुना आहे. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६६२ साली, चुलींवर कर बसवला होता. घरातल्या दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. कारण सोपे होते. माणसे हलतात, चूल हलत नाही. मग लोकांनी धुराडी बुजवायला सुरुवात केली, कर गोळा करणारे घरात शिरून मोजू लागले, शिव्याशाप झाले आणि १६८९ ला कर रद्द करावा लागला. पुढे तिथल्याच भाड्याच्या खोल्यांतून नाणे टाकायचे गॅस मीटर आले. पेनी टाकली की तेवढा वेळ शेगडी पेटायची, पेनी संपली की बंद. भांडण मिटले म्हणावे तर नाही. एकाच्या नाण्याची ऊब खोलीतल्या सगळ्यांना लागते, त्याला काय करणार? आमच्या मालकांची दर दिव्यामागची पट्टी आणि ती चुलीवरची पट्टी, दोन्ही एकाच जातीच्या. जे दिसते ते मोजा.

काठीने मोजले आणि काय निघाले? घासलेट हिशेबापेक्षा जास्त जात होते. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर तरी.

आता संशय. ड्रॉइंगचे सर म्हणाले, मी तर गार पाणीवाला. मी रात्री लवकर झोपणारा. विज्ञानाचे सर मात्र रात्री उशिरापर्यंत जागत, वह्या तपासत, आणि मालकांनी दहाला दिवा बंद करायची ताकीद दिल्यामुळे आपला प्रभाकर कंदील लावून बसत. ओगलेवाडीचा तो कंदील त्यांच्या वडिलांचा होता. कंदिलाला ते स्वतःच्या बाटलीतले घासलेट वापरतात असे सांगत. मी एके रात्री त्यांना तोंडावर म्हणालो, "सर, बाटली भरते कुठून?"

ते काही बोलले नाहीत. काठी उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि अंगणात टाकले.

डिसेंबरात स्टोवरची आंघोळ बंदच झाली. मालकीणबाईंचा तांब्याचा बंब होता. लाकूड तुमचे असेल तर पाणी घ्या म्हणाल्या. म्हणून आम्ही मोळी घेऊ लागलो. डांगाच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक बाई मोळी घेऊन येई. पहाटे अंधारात निघायची, तीन-चार कोस चालून बाजाराला पोचायची. डोक्यावर पंचवीस-तीस किलोचे ओझे. आम्ही तिघे पगारदार माणसे तिच्याशी चार-आठ आण्यांसाठी घासाघीस करायचो. मोळी घेताना मात्र आमची एकी असे, हे आता लक्षात येते! एकदा तिने विचारले, जेवण तर खानावळीत करता, मग लाकूड कशाला? आंघोळीला, म्हटल्यावर ती बराच वेळ हसली. "अंग धुवायला एवढं लाकूड?"

उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. म्हणजे आमच्या एका बादलीला किलोभर लाकूड. बंबात थोडे कमी लागत असेल.

या मोळीमागे केवढा इतिहास आहे! डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ साली जंगल भाडेपट्ट्याने घेतले ते सागासाठी. मग १८७८ चा वन कायदा आला, पुढे १९२७ चा. राखीव जंगलातले लाकूड सरकारचे झाले. सागाचा ओंडका घनफुटात मोजला जाई, त्यावर हातोड्याचा शिक्का बसे, पास लागे, मालगाडीने तो मुंबईला जाई. त्याची नोंद कागदावर आहे. त्या बाईचे तीन-चार कोस कोणत्या कागदावर आहेत? मी इतिहास शिकवत होतो आणि ही बाई रोज दारात येत होती. पण तेव्हा मला हे सुचले नाही. तेव्हा माझे सगळे लक्ष घासलेटच्या डब्याकडे.

विज्ञानाचे सर एप्रिलमध्ये परीक्षा संपताच गेले. त्यांना त्यांच्या गावाकडच्या शाळेत जागा मिळाली होती. जाताना कार्ड घेऊन गेले, स्टो ठेवून गेले. जूनमध्ये डबा उचलला तर बूड हाताला ओले लागले. पत्र्याचे काम करणाऱ्याकडे नेला. त्याने आत पाणी भरून उलटसुलट करून दाखवले. बुडाच्या झाळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. थेंब थेंब सारवलेल्या जमिनीत मुरत होता. वास? सगळ्या खोलीलाच घासलेटचा वास, वेगळा कुठून येणार!

मी ड्रॉइंगच्या सरांना दाखवले. ते म्हणाले, पत्र लिहा त्यांना. मी हो म्हणालो. आंतरदेशीय पत्र आणलेसुद्धा. काय लिहायचे ते सुचेना. आज लिहू, उद्या लिहू करता करता लग्न झाले, संसार झाला. काही वर्षांपूर्वी ते गेल्याचे कळले.

त्यानंतर स्वयंपाकघरे बदलत गेली. घासलेट कमी खाणारा 'नूतन' हा वातीचा स्टो इंडियन ऑइलने काढला तो या तेलटंचाईच्या धड्यानंतरच. गॅस मुंबईत बर्मा-शेलने १९५५ पासूनच आणला होता, पण आमच्या घरी यायला बरीच वर्षे लागली. घासलेटवरचे केंद्राचे अनुदान २०२० पर्यंत संपले. तरुण मुलांना आता काकडा आणि स्टोची पिन दाखवली तर ओळखणार नाहीत. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि पाड्यापाड्यांवर लाल सिलिंडर पोचले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नवापूरजवळच्या पाड्यावर असते, तिच्याकडे मध्यंतरी गेलो होतो. घरात गॅस आहे. चहा गॅसवर झाला. भाकरी मात्र मागे चुलीवर, आणि आंघोळीचे पाणी तीन दगडांवर. सून म्हणते धुराने डोळे जातात, भाकरी गॅसवर करते. सासू (म्हणजे माझी विद्यार्थिनी!) म्हणते, सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे कुठले, लाकूड फुकट आहे. मी विचारले, लाकूड आणते कोण? दोघी एकदम हसल्या. सून आणते.

नातवाला मी तो भिंतीवरचा हिशेब फोनवर सांगितला. गीझरवाल्याची एक बादली म्हणजे अर्धा युनिट. अर्धा तास गीझर चालला तरी एक युनिट. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सहज सात-आठ युनिट. "म्हणजे तुम्ही भांडताय गीझरवाल्याशी, कारण तो बाथरूम अडवून ठेवतो म्हणून दिसतो." तो जरा गप्प झाला. मग मी त्याला फ्रिजच्या दाराचे रबर तपासायला सांगितले आणि दोघांतल्या कोणाला अजून काही तोंडावर बोलला नाहीस ना, असे विचारले. म्हणाला, बोललोय.

परवा पुन्हा फोन आला. दोन्ही एसींना वेगळे मीटर बसवून घेतले आहेत. आता त्या मीटरचे पैसे चौघांनी द्यायचे की एसीवाल्या दोघांनी, यावर वाद चालू आहे.