दाराशी ठेवलेली बॅग आणि पायाळू बाळ

आज माझ्या आवाजात थोडी धाप जाणवेल, सांभाळून घ्या. अडतिसावा आठवडा चालू आहे. मुलुंडच्या आमच्या घरात दाराशी एक निळी बॅग भरून ठेवलीय. येत्या गुरुवारी सकाळी माझं सिझेरियन आहे. तारीख आधीच ठरली, कारण बाळ पायाळू आहे. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली.

पायाळू हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, त्याच्यावर वीज पडते, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं... अशा कितीतरी समजुती आपल्याकडे आहेत. मला वाटतं, यामागे एक साधी गोष्ट असावी. पायाकडून आलेलं मूल जगणं आणि त्याची आईही वाचणं, हेच मुळात नवल होतं. त्या नवलातूनच या गोष्टी तयार झाल्या असतील.

माझ्या आजीची पाच बाळंतपणं चिपळूणजवळच्या गावात, घरीच झाली. तिसरं पायाळू होतं. ते राहिलं नाही. हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं ते परवा, बॅग भरताना. मग ठरवलं, या भागात बॅगेचाच इतिहास सांगू.

आजीच्या वेळी बॅग नव्हतीच, कारण जायचं कुठे होतं? बाळंतिणीची खोली, बाज, शेगडी, वेखंडाची धुरी आणि सुईण. कपडे मात्र घरातले सगळ्यात जुने, फाटके. दहा दिवस सुवेर, म्हणजे विटाळ. वापरलेलं टाकूनच द्यायचं, मग चांगलं कशाला काढायचं? आज आपण उलट करतो. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधतो. हा बदल ज्या विचारातून आला, त्याची एक सुरुवात १८४७ मध्ये व्हिएन्नात झाली. प्रसूती करण्याआधी डॉक्टरांनी हात क्लोरीनच्या पाण्यात धुतले तर बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका कमी होतात, हे इग्नाझ सेमेलवाइसनं दाखवलं. तेव्हा अनेक डॉक्टरांनी ते मानलंच नाही!

आपल्याकडे काय चाललं होतं? मुलुंडहून कल्याणची लोकल पकडा. तिथे आनंदीबाई जोशींचं माहेर. त्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायची जिद्द आली. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना एम.डी. मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषयच होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, जेमतेम एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याच १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, आणि डॉक्टरही बायकाच. इंग्लंडहून आलेल्या एडिथ पेची यांनी तिथे काम केलं. पुढे १९२६ मध्ये परळला, गिरण्यांच्या वस्तीत, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं. आपली उपनगरं मात्र तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती. मुलुंड, बोरिवली, दहिसर बृहन्मुंबईत आले ते थेट १९५७ मध्ये.

आता बॅग उघडूया. सगळ्यात वर फाइल: सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड. रक्तगटाच्या त्या एका कागदामागे कार्ल लँडस्टायनर आहे. त्यानं १९०१ मध्ये रक्तगट मांडले, म्हणून आज रक्तस्राव झाला तर योग्य रक्त देता येतं.

मग पुढून उघडणारे गाऊन आणि उंच कमरेच्या सुती चड्ड्या, म्हणजे इलॅस्टिक टाक्यांवर घासत नाही. या टाक्यांचाही इतिहास आहे. पूर्वी पोट फाडून बाळ काढत, पण गर्भाशय शिवत नसत. आई बहुतेक वेळा दगावायचीच. ज्युलियस सीझर असा जन्मला ही दंतकथाच, कारण त्याची आई तो मोठा होईपर्यंत जिवंत होती. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगरनं गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली आणि आई वाचण्याची शक्यता वाढली. १८९८ मध्ये ऑगस्ट बीअरनं पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. त्याच वाटेनं आलेल्या इंजेक्शनमुळे गुरुवारी मी शुद्धीत असेन आणि बाळाचं पहिलं रडणं ऐकेन.

पायाळू बाळासाठी आधीच तारीख का ठरवतात? २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा बाळांसाठी ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे वाद झाले, पण जगभरची पद्धत बदलली. म्हणजे प्रत्येक सिझेरियन गरजेचंच असतं का? नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात, पण खासगी दवाखान्यांत हाच आकडा ४७.४ आहे आणि सरकारीत १४.३. त्यामुळे डॉक्टरांना “का?” विचारा. मी विचारलं, कारण पटलं, म्हणून बॅग भरली.

बॅगेत अजून काय? मोठे पॅड, चपला, लांब वायरचा चार्जर, बाळाची झबली, टोपडी, लंगोट. दागिने आणि नेलपॉलिश घरीच. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन नीट दिसायला हवा ना! आजीनं वेखंड आणि बाळगुटीची पुडी हळूच कोपऱ्यात सरकवली होती. ती मी काढली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आजी जरा रुसली. मग तिनं स्वतःच्या जुन्या नऊवारीची मऊ दुपटी आणली. ती मात्र धुऊन, इस्त्री करून सगळ्यात वर ठेवली.

काल तिनं विचारलं, “अगं, पोटातून काढलेलं पोर पायाळू कसं म्हणायचं?”

मी सांगितलं, “आजी, तिथूनसुद्धा ते पाय नाहीतर ढुंगणच आधी बाहेर काढतात. डोकं शेवटी.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग पायाळूच की. माझी कंबर केव्हाची धरलीय. येऊ दे लवकर.”

चला मंडळी, भेटू. पुढचा भाग थोडा उशिरा येईल, आणि मागे कुणीतरी रडत असेल.