वेदनेचे दुसरे कार्य



एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने शरीरशास्त्रावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने बधिर झालेल्या माझ्या तळपायात काच रुतली आणि दोन दिवस मला ती कळलीच नाही. जखम भरून यावयास चार महिने लागले. ज्या मज्जातंतूंमुळे दुखते, त्यांचा जखम भरण्याशी काय संबंध, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

त्वचेची खबर मेंदूकडे पोहोचविणे एवढेच संवेदी तंतूंचे काम, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९०१ मध्ये विल्यम बेलिस यांनी कुत्र्याच्या संवेदी मज्जामुळांना उत्तेजित केले, तेव्हा मागल्या पायातील रक्तवाहिन्या रुंदावल्या. म्हणजे खबर नेणारा हा जासूद उलट वाटेनेही काही पोहोचवीत होता! १९२७ च्या आपल्या ग्रंथात टॉमस लुइस यांनी दाखविले की, ओरखड्याभोवती पसरणारी लाली तंतूंवर अवलंबून असते. ते नष्ट झाले की ती उमटत नाही.

पोहोचविले जाणारे द्रव्य कोणते? १९३१ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून रक्तदाब उतरविणारा एक अर्क मिळविला. तोच ‘सबस्टन्स पी’. त्याची खरी ओळख पटावयास चाळीस वर्षे लागली. सुसान लीमन दुसरेच संप्रेरक शोधीत असता, त्यांच्या अर्काने उंदरांना लाळ सुटली. त्या धाग्याने जाऊन त्यांनी व सहकाऱ्यांनी १९७०-७१ मध्ये ११ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड शुद्ध करून त्याची रचना उलगडली.

पुढे १९८५ मध्ये हे द्रव्य संयोजी ऊतीच्या पेशींची वाढ चेतविते, असे आढळले. १९९० मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी त्यामुळे वाढतात आणि नव्या वाहिन्या फुटतात, हेही प्रयोगांत दिसले. नव्या वाहिन्यांवाचून भरत्या जखमेला प्राणवायू व पोषण कोठून मिळणार?

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या ध्यानी आले की, बोटे झडतात ती मांस कुजल्याने नव्हे, तर न जाणवलेल्या इजांमुळे. जपणूक केली तर बधिर अवयवाची जखमही भरते. मधुमेहात तर रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असतात. तेव्हा सारा दोष पेप्टाइडांच्या उणिवेवर टाकता येणार नाही. शिवाय प्रयोगशाळेतील यश म्हणजे हाती आलेले औषध नव्हे.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला, हे मी वर्गात चाळीस वर्षे शिकविले. त्याचा अर्थ मात्र मला त्या काचेने शिकविला. जाणणारा तंतूच दुरुस्तीलाही हातभार लावतो. माझे तंतू आता ते काम पुरते करीत नाहीत. म्हणून रोज रात्री आरसा घेऊन मी स्वतःचे तळवे पाहतो. आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांनीही आज घरी गेल्यावर तेवढे अवश्य करावे.